आण्णांचा मोतीबिंदू आणि १४ इंचांचा हिशोब

चांदी पिवळी दिसायला लागली तिथून हे प्रकरण सुरू झालं. आमचे आण्णा म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या गुजरीत म्हणजे सराफ पेठेत कारागीर, वय ६९, साज या गळ्यातल्या दागिन्याची पानं आणि मणी करण्यात सगळं आयुष्य गेलं, अधूनमधून चांदीचं पण काम घेतात. मागच्या पावसाळ्यात एका गिऱ्हाइकाचे पैंजण उजळून द्यायचे होते तर हे तीन-तीनदा रिठ्याच्या पाण्यात घालतायत, ब्रशनं घासतायत आणि म्हणतायत अजून पिवळेपणा गेला न्हाई. मी बघितलं तर पैंजण पांढरेफेक. मी म्हणलं आण्णा निघालंय की सगळं, तर मलाच म्हणाले तुला काय कळतंय त्यातलं. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, सोन्या-चांदीतलं मला काही कळत नाही हे घरात आधीच ठरलेलं, त्यामुळं मी गप्प बसलो. चुकलंच ते.

खरं तर त्याच्या आधी दोन वर्षं एक गंमत चालू होती आणि आम्ही सगळे त्यात खूश होतो. आण्णांना चाळिशीपासून जवळचा चष्मा, आणि ६७ व्या वर्षी अचानक तो सुटला! बिनचष्म्याचं डाख द्यायला, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायला लागले, पेपर वाचायला लागले, गल्लीभर सांगत फिरले की माझे डोळे तरुण झाले म्हणून. आई म्हणायची देवीची कृपा. फक्त लांबचं कमी दिसायला लागलं होतं, तर चष्म्याच्या दुकानात जाऊन नंबर काढला, उणे १ आला. सहा-सात महिन्यांनी परत, उणे सव्वादोन. परत काही महिन्यांनी उणे साडेतीन. तीन चष्मे झाले पण डोळ्याच्या डॉक्टरकडं जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

नंतर कळलं ते असं, की डोळ्यातलं भिंग मधल्या भागात घट्ट आणि पिवळं-तपकिरी व्हायला लागलं की ते आधीपेक्षा जास्त ताकदीचं होतं, मग लांबचं पुसट आणि जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागतं. म्हणजे चष्मा सुटला ती मोतीबिंदूचीच सुरुवात होती. आणि भिंगच पिवळं पडल्यावर चांदी पिवळी दिसणार नाही तर काय. साठीनंतर कुणी अभिमानानं सांगत असेल की माझा जवळचा चष्मा गेला, तर एकदा डोळे तपासून आणा त्यांचे.

रात्री रंकाळ्याच्या कडेनं स्कूटरवरनं येताना समोरच्या गाडीच्या दिव्याचा गोळा होऊन स्पीडब्रेकर दिसला नाही, आण्णा गाडीसकट आडवे. कोपर खरचटलं, बाकी काही नाही. पण त्यानंतर आईनं स्कूटरची किल्ली डब्यात लपवली आणि मग आम्ही डॉक्टरकडं गेलो.

पहिल्या ठिकाणी गेलो तिथलं नाव सांगत नाही. तपासणी दहा मिनिटं आणि मग काउन्सेलर बाईंकडं अर्धा तास. त्यांच्याकडं प्लॅस्टिकची फाईल, त्यात लेन्सचे फोटो, साधी, मधली, प्रीमियम, आणि प्रत्येक वाक्याला "चष्मामुक्त आयुष्य". साध्या आणि प्रीमियममध्ये पाच आकडी फरक. ताई पुण्यावरनं फोनवर म्हणते पैशाचा विचार करू नका, आण्णांना बेस्टच बसवा. मी पण जवळजवळ हो म्हणलो होतो. पण आण्णा काय काम करतात हे त्या अर्ध्या तासात कुणी विचारलंच नाही, आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत हे पण विचारलं नाही, ते माझ्या मनाला लागून राहिलं. कुठलंही मशीन घ्यायला गेलो तरी विकणारा आधी विचारतो की जॉब, म्हणजे पार्ट, कुठला काढायचाय.

मग दुसरीकडं गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी बाहुली मोठी करायचे थेंब घालून मागचा पडदा बघितला, पडद्याचा स्कॅन पण केला, कारण आण्णांना १२ वर्षं शुगर आहे. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू बराच पिकलेला, डाव्यात जरा कमी, आणि पडद्यावर शुगरचे थोडे डाग. आण्णांनी लगेच विचारलं, "पूर्ण पिकू दे की मग, आत्ताच कशाला?" मॅडम म्हणाल्या ती जुन्या काळची गोष्ट, तेव्हा भिंग अख्खं काढायला लागायचं म्हणून पिकायची वाट बघायचे, आता आत फोडून ओढून घेतात, जेवढं कडक होईल तेवढी मशीनची ताकद जास्त लावायला लागते आणि पुढच्या काचेला, म्हणजे बुबुळाला, सूज येते. थंडीतच करावं हे पण काही खरं नाही, पावसाळ्यात पण चालतं. आणि हे सहसा लेझरनं होत नाही बरं का, फेको म्हणजे ध्वनिलहरींनी कंप पावणारी सुई असते. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला ही कल्पना दातांच्या डॉक्टरकडचं दात साफ करायचं मशीन बघून सुचली, १९६७ मध्ये त्यानं पहिल्यांदा वापरली. हे ऐकल्यावर मला जरा बरं वाटलं, मशीनचं आपल्याला कळतं.

मग त्यांनी पहिला नेमका प्रश्न विचारला. "काम किती अंतरावर धरून करता?" आण्णांनी हात वर करून चिमटा धरल्यासारखं दाखवलं. मॅडम म्हणाल्या असं नको, घरी कामाला बसल्यावर टेपनं मोजून आणा.

दुसऱ्या दिवशी मी गुजरीत गेलो, आण्णा पाटावर बसून पानाला डाख देत होते, मी टेप लावला, डोळ्यापासून कामापर्यंत बरोबर १४ इंच. म्हणजे साधारण ३५ सेंटीमीटर. आता यातला हिशोब असा आहे आणि हा मला कुणी तरी आधी इस्कटून सांगायला पाहिजे होता. साधी लेन्स म्हणजे मोनोफोकल, ती एकाच अंतरावर फोकस होते. बहुतेकांना ती लांबचं दिसेल अशी बसवतात, मग जवळचं वाचायला चष्मा लागतो. पण ती जवळच्यासाठी पण बसवता येते, मग लांबचं बघायला चष्मा. १०० ला सेंटीमीटरमधल्या अंतरानं भागायचं की नंबर मिळतो, १०० भागिले ३५ म्हणजे साधारण २.८५, म्हणजे आण्णांना साधारण उणे अडीच ते पावणेतीनवर ठेवलं तर पाटावर बिनचष्म्याचं काम होणार.

आण्णा गेली दोन वर्षं नेमकं तसंच जगत होते. जवळचं उघड्या डोळ्यानं, लांबचं चष्म्यानं. लांबची लेन्स बसवली असती तर स्कूटरवर ऐटीत फिरले असते पण पाटावर बसल्यावर पानाची नक्षी दिसायला चष्मा शोधत बसले असते, आणि मग वर्षभर मला ऐकवलं असतं की होतं ते पण घालवलंस. मल्टीफोकल लेन्सला मॅडम सरळ नको म्हणाल्या. ती लेन्स आलेला उजेड लांबच्या-जवळच्या अंतरात वाटून देते, त्यामुळं फिक्या-गडदातला बारीक फरक थोडा कमी कळतो आणि रात्री दिव्याभोवती कडी दिसतात, काहींना त्याचं काही वाटत नाही, पण ज्याच्या पडद्यावर आधीच शुगरचे डाग आहेत आणि ज्याचं पोट बारीक नक्षीवर आहे त्याला ती देऊ नये म्हणाल्या. ताईला फोन करून सांगितलं की बेस्ट म्हणजे महागातली असं नाही, तर तिला आधी वाटलं मी पैसे वाचवायलोय.

पैशाचं एवढंच सांगतो, मेडिक्लेम असेल तर पॉलिसी आधी वाचा, बऱ्याच पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षांची वाट आणि एका डोळ्याला ठराविक मर्यादा असते. आणि ज्यांना खर्च जमत नाही त्यांनी सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन चौकशी करावी, सरकारी दवाखान्यात हे ऑपरेशन मोफत होतं.

मोजमाप दोनदा करायला लागलं. डोळ्याची लांबी मोजतात ते मशीन डोळ्याला न टेकता उजेडावर मोजतं, आण्णांचा उजवा डोळा २३.४ मिलिमीटर. एक मिलिमीटर चुकलं तर अडीच ते तीन नंबरचा फरक पडतो असं ऐकल्यावर मी तंत्रज्ञ पोराकडं आदरानं बघितलं, आमच्याकडं दहा मायक्रॉनवरनं जॉब रिजेक्ट होतो तसलंच काम. पण बुबुळाच्या गोलाईचं रीडिंग दर वेळी वेगळं यायला लागलं, कारण आयुष्यभर शेगडी आणि फुंकणीपुढं बसून डोळे कोरडे झालेले. दोन आठवडे ओलाव्याचे थेंब घातले, मग परत मोजलं, तेव्हा कुठं रीडिंग एकसारखं आलं. तेवढ्यात उपाशीपोटीची शुगर २१० निघाली होती ती पण फिजिशियननी खाली आणली. हे दोन आठवडे घरात सगळ्यांना उगाच उशीर वाटत होता. मला नाही वाटला.

आता या सगळ्यातला खरा भाग. तिथल्या सिस्टरनी सांगितलं होतं, नावं सांगू नका, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या. मी बीपी, शुगर आणि रक्त पातळ करायची ॲस्पिरिन अशी यादी नेली होती. सिस्टर आण्णांकडं बघून म्हणाल्या, "काका, लघवीची कुठली गोळी?" आण्णा म्हणाले, "न्हाई वो, तसलं काय न्हाई." आणि खाली बघायला लागले. मला ते खाली बघणं खटकलं. घरी आल्यावर आई हळूच म्हणाली, दुकानाच्या गल्ल्यात बघ. गल्ल्यात मोडीच्या, म्हणजे मोडलेल्या जुन्या दागिन्यांच्या, पुडीखाली एक अर्धी संपलेली स्ट्रिप, टॅम्सुलोसिन. दीड वर्ष घेत होते, रात्री चार-चारदा उठायला लागायचं म्हणून, घरात सुनेला कळायला नको म्हणून गल्ल्यात.

ही प्रोस्टेटची गोळी आणि डोळ्याचा काय संबंध असं मला पण वाटलं. संबंध असा, की ही गोळी प्रोस्टेटचे स्नायू सैल करते तसेच बाहुली मोठी करणारे स्नायू पण सैल करते, मग ऑपरेशनच्या वेळी डोळ्यातला रंगीत पडदा ओल्या फडक्यासारखा हलतो आणि बाहुली मधेच आकसते. डॉक्टरांना २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं. आधी माहीत असेल तर सर्जन तयारीनं बसतो, आत सोडायचं औषध आणि बाहुली धरून ठेवायची बारीक रिंग हाताशी ठेवतो. माहीत नसेल तर ऐनवेळी पंचाईत. आणि दुसरी गोष्ट, मला वाटलं चार दिवस गोळी बंद करू, तर मॅडम म्हणाल्या बंद करून उपयोग नाही, गोळी सोडली तरी तो परिणाम राहू शकतो, उलट लघवी तुंबली तर नवीन भानगड. फक्त सांगायचं. ॲस्पिरिन पण त्यांनी चालूच ठेवली, स्वतःच्या मनानं काही बंद करू नका म्हणाल्या.

आण्णांना मी काही बोललो नाही. फक्त स्ट्रिप औषधाच्या डब्यात आणून ठेवली.

आदल्या दिवसाची तयारी साधी. अँटिबायोटिकचे थेंब सुरू. डोक्यावरनं अंघोळ करून घ्या, कारण पुढं दहा दिवस डोक्यावरनं पाणी नाही. दाढी करून घ्या. तेल, पावडर, गंध काही नको. आणि तपकीर बंद. आण्णा ४० वर्षं तपकीर ओढतात, टेबलावर डोळा उघडा असताना शिंक आली तर काय होईल हे मॅडमनी हातानं दाखवलं, तेव्हा डबी माझ्याकडं दिली. त्याआधी एकदा नाकात उतरणारी अश्रूंची नळी उघडी आहे का ते बघायला बारीक पिचकारीनं पाणी सोडलं होतं, "घशात खारट लागलं का?" असं विचारतात, लागलं की नळी उघडी. ती तुंबलेली असेल आणि तिथं पू साठला असेल तर आधी त्याचा इलाज, नाहीतर तो जंतू डोळ्यात जायचा. सकाळी हलका नाश्ता करून यायला सांगितलेलं, गोळ्या कशा घ्यायच्या ते लिहून दिलेलं. शर्ट बटणांचाच घाला, डोक्यातनं काढायचा नको, हे आईनं स्वतःच्या डोक्यानं केलं आणि सिस्टरनी तिचं कौतुक केलं.

आत नेल्यावर मी बाहेर बाकावर. बोर्डावर वेळ साधारण १५-२० मिनिटं असं लिहिलेलं, आण्णांना ४० मिनिटं लागली. पंचविसाव्या मिनिटाला आईनं देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली. झालं असं की बाहुली खरंच मधे आकसली, मॅडमनी रिंग घातली आणि काम पूर्ण केलं. त्यांनी बाहेर येऊन हे शांतपणे सांगितलं, बरं झालं गोळीचं सांगितलंत म्हणाल्या.

आतलं आण्णांच्या तोंडून सांगतो कारण लोकांना भीती त्याचीच असते. इंजेक्शन दिलं नाही, थेंबांनीच डोळा बधिर केला. तपकिरी औषधानं डोळा आणि भोवती पुसलं, ते पाच टक्क्यांचं आयोडीनचं औषध, जंतू मारायला सगळ्यात महत्त्वाचं तेच, जरा चुरचुरतं. तोंडावर कापड टाकतात, हवेची नळी लावतात, काहींना गुदमरल्यासारखं होतं, तसं झालं तर तोंडानं सांगायचं, हात वर न्यायचा नाही. खोकला आला तर आधी सांगायचं, ते थांबतात. पापण्या धरून ठेवायची क्लिप असते त्यामुळं डोळा मिटेल ही काळजी नको. दुखलं नाही, मधे दोनदा दाबल्यासारखं झालं. सुया-कात्र्या दिसतात का असं सगळे विचारतात, तर नाही दिसत. आण्णा म्हणाले, "मुशीत सोनं वितळताना कसं हलतं, तसा उजेड हलत हुता. आधी पिवळा, मग एकदम निळा." चीर अडीच मिलिमीटरच्या आसपास, टाका नाही, लेन्स घडी करून आत सारतात आणि ती जुन्या भिंगाच्याच पिशवीत उलगडते. तासाभरानं चहा-बिस्किट खाऊन रिक्षानं घरी.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरचं झाकण काढलं, आणि सगळे अपेक्षेनं बघतायत तर आण्णा म्हणाले, "धुकं हाय." माझ्या पोटात गोळा. पण कडक मोतीबिंदू आणि जास्त वेळ म्हणून बुबुळाला सूज, चार-पाच दिवसांत उतरेल, असं त्यांनी आधीच सांगितलेलं होतं. पाचव्या दिवशी सकाळी धुकं गेलं. मात्र रोजच्या रोज दिसणं वाढायला पाहिजे. आधी दिसत होतं आणि मग कमी झालं, दुखायला लागलं, लाली वाढली, पापण्या सुजल्या किंवा चिकट पू यायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री असाल तर रात्री जायचं. डोळ्याच्या आत जंतू गेला तर काही तासांत नजर जाऊ शकते. क्वचित होतं, पण होतं.

थेंब हे घरच्यांचं काम. हात साबणानं धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लावायचं नाही, दोन औषधांत पाच मिनिटं अंतर, आणि स्टिरॉइडची बाटली दुधाळ असेल तर हलवून. ते हळूहळू कमी करत सहा आठवडे चाललं, माझ्या बायकोनं कॅलेंडरवर चौकोन करून खुणा केल्या, एक चुकला नाही. सुनेला गोळीचं कळायला नको म्हणून गल्ल्यात लपवणारे आण्णा आता तिच्यापुढंच मान वर करून बसायचे.

पथ्याचं विचारू नका. शेजारच्या काकू मुगाची खिचडी घेऊन आल्या, आंबट नको, तांबडा रस्सा तर नकोच. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या सगळं खा, फक्त शुगर सांभाळा, आणि रस्सा करताना फोडणीच्या धुरात उभं राहू नका. टीव्ही चालतो. डोळा चोळायचा नाही, झोपताना झाकण, वाकून जड उचलायचं नाही. देवळात गर्दीत आठ-दहा दिवस नको, कुणाचा कोपर लागला म्हणजे. आणि आण्णांसाठी खास, एक महिना फुंकणी, शेगडी आणि तेजाब बंद. हे मात्र त्यांना जड गेलं, रोज दुपारी गुजरीत जाऊन नुसते बसायचे.

सहा आठवड्यांनी फायनल नंबर निघाला, उणे अडीच. पाटावर बिनचष्म्याचे. स्कूटरला, टीव्हीला चष्मा. डाव्या डोळ्याचा जुना नंबर पण उणेच असल्यानं दोन्हीत फार फरक नाही, चक्कर वगैरे आली नाही. पण महाद्वार रोडवर जो भेटेल तो विचारतो, "आण्णा, ऑपरेशन करूनबी चष्मा? फसवलं की तुम्हाला!" पहिले चार दिवस आण्णा समजावून सांगायचे, १०० भागिले ३५ वगैरे, आता नुसतं हसतात आणि खिशातनं कामाचं पान काढून दाखवतात.

लेन्सचं कार्ड मिळतं, ताकद आणि नंबर लिहिलेलं, ते नीट जपून ठेवा. पुढं महिन्या-वर्षांनी लेन्समागची पिशवी गढूळ झाली तर परत अंधुक दिसतं, लोक म्हणतात मोतीबिंदू परत आला. परत येत नाही तो. त्या पिशवीला यॅग लेझरनं पाच मिनिटांत खिडकी पाडतात, लेझर लागतो तो तिथं.

ते पैंजण आठवतात ना, तसलेच परत एक जोड आले होते परवा. आण्णांनी ते हातात धरून एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, परत पहिला. मग मला बोलावून म्हणाले, "उजवा म्हणतोय चांदी, डावा अजून सोनं म्हणतोय बघ." तीन वेळा घासलेल्या त्या जुन्या पैंजणांची झीज किती झाली असेल हे काढून बसले मग, गिऱ्हाइकाला पुढच्या कामात वळती करून देणार म्हणाले.

डाव्याची तारीख लग्नसराई संपल्यावरची घेतलीय. रिंग परत लागेल असं मॅडमनी सांगितलंय, मोजमाप नव्यानं होणार आणि औषधाचा डबा अख्खा घेऊन जायचाय. तपकिरीची डबी अजून माझ्याच कपाटात आहे, रोज मागतात.